काज-बटणापासून सुरुवात

"मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय."

शनिवारी दुपारी आम्ही काही जण दादरला इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना घेऊन बसतो. एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर निवडायचं, ते आपल्या लॅपटॉपवर चालू करायचं आणि त्यातली एखादी छोटी दुरुस्ती करून पाठवायची, एवढाच कार्यक्रम. त्या दिवशी हे वाक्य म्हणाली ती उल्हासनगरहून आलेली तिसऱ्या वर्षाची मुलगी. पडद्यावर लाल अक्षरांत एरर होती. सूचनांमधल्या सहाही पायऱ्या तिनं जशाच्या तशा केल्या होत्या. शेजारी बसून पाहिलं तेव्हा उमगलं, की चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये एक पायरी लिहायचीच राहिली आहे. तिथं एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा तयार कोडचा संच, आधी बसवावी लागते. प्रकल्पातल्या जुन्या मंडळींच्या मशीनवर ती कित्येक वर्षांपासून बसलेली, म्हणून ती सांगायला हवी हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

चूक सूचनांमध्ये होती आणि दोष ती स्वतःला देत होती. दहा-बारा वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. डोंबिवलीच्या घरी तीन रात्री एक प्रोग्राम बिल्ड करण्यात, म्हणजे मूळ कोडपासून तयार करण्यात, घालवल्या. शेवटी धीर करून प्रश्न विचारला. उत्तर एका ओळीचं आलं: आधी नीट वाचा. मी नीटच वाचलं होतं. त्या प्रकल्पाकडे मी पुन्हा फिरकले नाही, आणि आपल्याला हे जमणारं नाही अशी समजूत करून घेऊन पुढची दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाकडेही गेले नाही. ती दोन वर्षं अजून मनाला लागून आहेत.

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदलून पुढे वाटता येतो, ते ओपन सोर्स. हेलसिंकीत शिकणाऱ्या 21 वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं 1991 च्या ऑगस्टमध्ये आपल्या छंदाची गोष्ट म्हणून जे जाहीर केलं, त्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर आज आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन चालतो. एवढ्या मोठ्या इमारतीला हजारो हात लागले असतील असं वाटतं. लिनक्सच्या बाबतीत ते खरंही आहे. बाकीच्या प्रकल्पांचं चित्र मात्र काळजी वाटावी असं आहे. ब्राझीलच्या संशोधकांनी 2016 मध्ये 133 लोकप्रिय प्रकल्प तपासले. त्यांचा प्रश्न सरळ होता: किती माणसं निघून गेली तर हे काम अडेल? 65 टक्के प्रकल्पांत उत्तर आलं, एक किंवा दोन. म्हणून नव्या माणसाचं स्वागत हा प्रश्न मला निव्वळ शिष्टाचाराचा वाटत नाही. प्रकल्प जगण्याचा आहे.

मग माणसं येत का नाहीत? येतात, आणि दारातूनच परत जातात. ब्राझीलचेच इगोर स्टाइनमाकर आणि त्यांचे सहकारी यांनी नवख्यांच्या वाटेतले अडथळे मोजले. 2015 मध्ये त्यांनी मांडलेल्या यादीत 58 अडथळे होते आणि त्यातले 13 माणसांच्या वागण्याशी निगडित. उत्तरच न येणं, उशिरा येणं, उद्धट येणं, विचारायचं कुणाला हेच न कळणं. कोड कठीण असतो हे कारण त्यात आहेच, पण ते बऱ्याच कारणांपैकी एक.

इथं मला माझ्या आजोबांचं परळचं दुकान आठवतं. ते शिंपी होते. दुकानात शिकायला आलेल्या मुलाला पहिले कित्येक महिने काज-बटण आणि तुरपाई. कात्रीला हात लावायचा नाही. लहानपणी मला हा त्या मुलावर अन्याय वाटायचा. पुढे जीन लेव्ह या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं काम वाचनात आलं आणि आजोबा काय करत होते ते उलगडलं. लेव्ह यांनी 1970 च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांकडे शिकणाऱ्या मुलांचं निरीक्षण केलं होतं. कपडा तयार होतो तो बेतणं, शिवणं आणि शेवटचा हात फिरवणं या क्रमानं. शिकणारी मुलं मात्र उलट्या क्रमानं शिकत होती: आधी बटणं, किनारी, इस्त्री, मग शिलाई, आणि सगळ्यात शेवटी बेतणं. बटण वाकडं लागलं तर दोरा कापून पुन्हा लावता येतं. कापड चुकीचं बेतलं तर गिऱ्हाइकाचं कापडच गेलं. शिवाय बटण लावताना अख्खा सदरा हातात असतो. बाही कुठं जोडली, कॉलर कशी बसवली, हे मुलगा कुणी न शिकवता पाहत असतो. आणि ते बटण गिऱ्हाइकाच्या खऱ्या सदऱ्यावर असतं, चिंधीवर नाही. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 मध्ये, म्हणजे लिनक्स जन्मलं त्याच वर्षी, यावरून शिकण्याचा एक सिद्धांत मांडला: माणूस समूहाच्या कडेला खरं काम करत करत हळूहळू मध्यभागी येतो.

ओपन सोर्स प्रकल्पाचं काज-बटण कोणतं, हे जुन्यांनी ठरवून द्यायला हवं. नव्याला ते सापडत नाही, कारण त्याला सदराच अजून दिसलेला नसतो. लिनक्समध्ये 'स्टेजिंग' नावाचा एक कप्पा आहे. अजून पक्क्या न झालेल्या ड्रायव्हरचा, म्हणजे संगणकाला जोडलेली उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रामचा, कोड तिथं असतो आणि कित्येकांनी आपला पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तिथल्या साफसफाईतून पाठवला आहे. असे प्रकल्प जिथं ठेवले जातात त्या गिटहब या संकेतस्थळावर एखाद्या कामाला 'गुड फर्स्ट इश्यू', म्हणजे नवख्यासाठी चांगलं पहिलं काम, अशी चिठ्ठी लावायची सोय आहे. पण नुसती चिठ्ठी लावून भागत नाही. कोणती फाइल उघडायची, बदल झाल्यावर तो बरोबर झाला हे कसं ओळखायचं, अडलं तर कुणाला विचारायचं, या तीन ओळी खाली नसतील तर ती चिठ्ठी म्हणजे रिकामी पाटी. आणखी एक गोष्ट मला आग्रहानं सांगायची आहे. सोपं काम दिसलं की जुना माणूस ते दहा मिनिटांत उरकून टाकतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण नव्यासाठी ठेवलेली एकुलती एक पायरी त्यानं काढून घेतलेली असते. ते काम चार आठवडे तसंच राहिलं तरी राहू द्यावं.

मुंबईत याचं एक फार सुंदर उदाहरण आहे. पवईच्या आयआयटीत फॉसी हा प्रकल्प चालतो. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर यावं यासाठी केंद्र सरकारच्या मदतीनं तो उभा राहिला. त्यांनी विद्यार्थ्यांना काम दिलं ते असं: आपल्या अभ्यासक्रमातलं एक पाठ्यपुस्तक घ्या आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या गणिती आकडेमोडीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोड करा. अशी शेकडो पुस्तकं झाली. ही कल्पना बारकाईनं पाहण्यासारखी आहे. प्रत्येक उदाहरण स्वतंत्र, त्यामुळे एक चुकलं तरी बाकीचं ढासळत नाही. उत्तर पुस्तकात छापलेलं, त्यामुळे आपला कोड बरोबर आला की नाही ते विद्यार्थ्याला कुणाला न विचारता कळतं. विषय त्याच्या ओळखीचा. आणि झालेलं काम पुढच्या वर्षीच्या मुलांच्या उपयोगी पडणारं. आयआयटीच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात साधारण दहा मिनिटांचे धडे आहेत आणि त्यातले अनेक मराठीतही ऐकता येतात.

भाषेचा मुद्दा मोठा आहे. गिटहबनं 2017 मध्ये केलेल्या पाहणीत अपुऱ्या किंवा गोंधळात टाकणाऱ्या डॉक्युमेंटेशनची, म्हणजे सूचना आणि माहितीच्या लिखाणाची, अडचण 93 टक्के लोकांनी नोंदवली आणि तरीही 60 टक्के योगदानकर्ते त्या कामाला क्वचितच हात लावतात किंवा लावतच नाहीत, असं दिसलं. त्याच पाहणीत जवळजवळ चौथा हिस्सा लोकांचं इंग्रजी लिहिणं-वाचणं फार सफाईचं नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. प्रश्न विचारायच्या आधी इंग्रजी वाक्य चार वेळा खोडणारी मुलं मी पाहते. सूचना साध्या, छोट्या वाक्यांत लिहिल्या तर त्यांचा अर्धा भार उतरतो.

उलट त्यांच्याजवळ असं काही असतं, जे प्रकल्पातल्या कुणाजवळच नसतं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक आपल्याला शाळेपासून माहीत. संगणकाला तो कळायला ऱ या वेगळ्या अक्षराचा आधार लागतो, आणि एखाद्या फाँटमध्ये ती जोडणी नसेल तर पडद्यावर भलतंच काही उमटतं. जर्मनीत बसलेल्या प्रोग्रामरला हे वर्षभर दिसणार नाही. कल्याणच्या मुलाला ते पाच मिनिटांत दिसतं. वर्णक्रमात ळ कुठे येतो हेही तोच सांगू शकतो. तो बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, नोंदवताना पहिल्यांदाच त्या मुलाची पाठ ताठ होते. तिथं जाणकार तो असतो.

मग पॅच पाठवला जातो आणि वाट पाहणं सुरू होतं. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलानं केलेल्या अभ्यासात, ज्यांचा कोड 48 तासांच्या आत तपासला गेला त्यांचं पुन्हा योगदान देण्याचं प्रमाण खूपच जास्त आढळलं. दोन दिवसांत पॅच स्वीकारायलाच हवा असं नाही. "मिळाला, रविवारी बघतो" एवढंही पुरतं. उत्तराचा सूरही महत्त्वाचा. खुद्द टोरवाल्ड्स यांनी 2018 च्या सप्टेंबरमध्ये आपल्या जहाल ईमेलबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ रजा घेतली आणि त्याच सुमारास लिनक्सनं नवी आचारसंहिता स्वीकारली. आणि सूर सगळ्यांसाठी सारखा असतो असंही नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रकल्पाबाहेरून आलेल्या स्त्रियांचे बदल, त्या स्त्रिया आहेत हे प्रोफाइलवरून कळत नव्हतं तेव्हा 71.8 टक्के स्वीकारले गेले. कळत होतं तेव्हा 62.5 टक्के. ओळख दिसल्यावर पुरुषांचंही प्रमाण घसरलं, पण कमी. मुलींना घेऊन बसते तेव्हा हे आकडे माझ्या डोक्यात असतात.

हे सगळं करायचं कुणी? मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, बहुधा फुकट काम करणारा, नोकरीनंतर रात्री बसणारा माणूस असतो. त्याची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळेल अशी एक मोहीम होती. प्रकल्पाची माहिती देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द घुसडलेल्या निरर्थक बदलांचा इतका पूर आला, की आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पांची संमती आहे तेच मोजले जाऊ लागले. त्यात आपल्याकडचे विद्यार्थीही होते. त्यांना टी-शर्ट दाखवला गेला, सदरा कुणी दाखवलाच नाही.

त्याहून गंभीर गोष्ट 2024 च्या मार्चमध्ये उघड झाली. एक्सझेड ही फाइल आकसून लहान करणारी साधने जगभरच्या लिनक्स यंत्रांवर असतात आणि ती मुख्यतः एकच दमलेला माणूस सांभाळत होता. 'जिया टॅन' या नावानं आलेल्या कुणीतरी दोनेक वर्षं उपयोगी कामं करून त्याचा विश्वास मिळवला. कामाचा वेग नाही म्हणून इतर काही नावांनी त्या माणसावर दबावही आणला. शेवटी नव्या आवृत्त्या काढायचा अधिकार मिळाल्यावर जिया टॅननं त्यात चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पाठपुरावा आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं केला म्हणून तो सापडला. यावरून काही जण म्हणतात, दारं बंद करा. मला उलट दिसतं. तिथं काज-बटण करणारे आणखी पाच-सहा हात असते तर त्या एकट्या माणसाला कात्री दुसऱ्याच्या हाती द्यायची घाई झाली नसती, आणि दिली असती तरी बघणारे डोळे जास्त असते.

मी स्वतः ज्या छोट्या प्रकल्पात काम करते, तिथं आम्ही गेल्या महिन्यात एक गोष्ट करून पाहिली. एका लॅपटॉपवरचं सगळं पुसून तो कोरा केला आणि उल्हासनगरच्या त्या मुलीसमोर ठेवला. सूचना लिहिणारा आमचा सहकारी तिच्या शेजारी बसला. अट एकच: त्यानं हाताची घडी घालायची आणि बोलायचं नाही. ती वाचत होती, टाइप करत होती, थांबत होती. पहिल्या दहा मिनिटांत तो तीनदा खुर्चीत पुढे सरकला आणि तीनदा मागे बसला. दादर स्टेशनवर पहिल्यांदा उतरलेल्या माणसाला इंडिकेटरवरचं एस म्हणजे कर्जत आणि एन म्हणजे कसारा हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तशी आमच्या सूचनांत कितीतरी अक्षरं होती. ती जिथं जिथं अडखळली, तिथं तो वहीत खूण करत गेला. तासाभरानं प्रोग्राम चालू झाला तेव्हा वहीचं दीड पान भरलं होतं.

ते दीड पान आम्ही तिच्याकडेच दिलं. सूचनांची नवी प्रत ती लिहिते आहे. चौथी आणि पाचवी यांच्यामधली पायरी तिनं सगळ्यात आधी घातली.