पपईला उगाच नावं ठेवू नका

आमच्या इंदूरला रामबागेत कुणाची डिलिव्हरी लवकर झाली की दुपारच्या चहाला जमलेल्या काकूंचा निकाल ठरलेला, पपई खाल्ली असेल, नाहीतर स्कूटीवरून राजवाड्याला गेली असेल. वहिनीच्या वेळी हे सगळं ऐकलंय म्हणून लिहितेय. 37 आठवड्यांच्या आत बाळ झालं तर ते प्रीमॅच्युअर, आणि 2020 मध्ये भारतात अशी अंदाजे 30 लाख बाळं जन्मली, म्हणजे जगात सगळ्यात जास्त. एवढ्या पपया खाल्ल्या कुणी?

संशोधक सध्या मागे लागलेत ते योनीमार्गातल्या बॅक्टेरियांच्या. दह्यात असतात ना लॅक्टोबॅसिलस, त्यांचेच भाऊबंद तिथे राहतात, लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात आणि त्या आंबटपणात नको ते जंतू टिकत नाहीत. (दही खाल्लं म्हणून ते तिथे पोचतात असं नाही हं, जात वेगळी असते.) यातला क्रिस्पॅटस हा गुणी पोरगा. 2019 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या टीमला दिसलं की लवकर बाळंत झालेल्या बायकांत, आणि त्यात बहुतेक आफ्रिकन वंशाच्या होत्या, तो कमी आणि स्नीथिया, प्रिव्होटेला वगैरे मंडळी जास्त.

आता अमेरिकेत काळ्या बायकांत 100 पैकी साधारण 14 बाळं लवकर येतात, गोऱ्या बायकांत 9 च्या आसपास. 2011 च्या एका अभ्यासात 396 बायका तपासल्या तर लॅक्टोबॅसिलस कमी असलेल्या काळ्या आणि हिस्पॅनिक (म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळाच्या) बायकांत जास्त निघाल्या. झालं, लोक लगेच म्हणणार वंशच तसा! पण त्या सगळ्या 396 जणींना काही त्रासच नव्हता, मग त्याला बिघाड कसं म्हणायचं? 2017 मध्ये दोन गट तपासले, तर एकूण लॅक्टोबॅसिलस कमी म्हणजे धोका जास्त हे बहुतेक गोऱ्या बायकांच्या गटात दिसलं, बहुतेक काळ्या बायकांच्या गटात तसं दिसलं नाही.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती 1997 ची गोष्ट. इलिनॉयमध्ये बाळांची वजनं पाहिली, तर आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या काळ्या बायकांच्या बाळांची वजनं अमेरिकेतच जन्मलेल्या काळ्या बायकांच्या बाळांपेक्षा गोऱ्यांच्या बाळांच्या जास्त जवळ निघाली. सगळा दोष रक्तातच असता तर उलटं व्हायला हवं होतं ना? म्हणजे तिथे राहून, रोजचा भेदभाव, टेन्शन, दवाखान्यात मिळणारी वागणूक, हे सगळं अंगात मुरत असणार.

आणि अँटिबायोटिक देऊन जंतू मारले की प्रश्न मिटेल म्हणाल तर तेही करून झालंय. फ्रान्समध्ये या बॅक्टेरियांचा समतोल बिघडलेल्या पण बाकी धोका नसलेल्या सुमारे 2,900 गरोदर बायकांवर ट्रायल झाली, अर्ध्यांहून जास्त जणींना क्लिंडामायसिन दिलं, बाकीच्यांना नुसती खोटी गोळी, आणि लवकर बाळंतपण काही कमी झालं नाही.