रास्त्रेली: मालकीण बदलली आणि कारकीर्द संपली

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज म्युझियमचे फोटो बहुतेकांनी पाहिले असतील, ते ज्या हिरव्या-पांढऱ्या विंटर पॅलेसमध्ये आहे तो बांधला आर्किटेक्ट बार्तोलोमेओ फ्रान्चेस्को रास्त्रेलीने, म्हणजे इटालियन घरातला माणूस, जन्म 1700 चा पॅरिसमधला आणि सगळं आयुष्य गेलं रशियात.

तिकडे गेला कसा? रशियाचा झार पीटर द ग्रेट, त्याला दलदलीत नवी राजधानी उभारायची होती, त्यासाठी 1714 मध्ये त्याने बाकी रशियात दगडी बांधकामच बंद केलं, म्हणजे गवंडी सगळे पीटर्सबर्गला येतील. डिझाइनवाले मात्र युरोपातूनच आणावे लागले. फ्रान्समध्ये चौदावा लुई 1715 मध्ये वारला, कामं आटली, आणि मग रास्त्रेलीचा शिल्पकार बाप 1716 मध्ये पोराला घेऊन रशियात आला.

पोराचं खरं नशीब उघडलं ते सम्राज्ञी आनाच्या काळात. तिचा लाडका बिरॉन, त्याच्यासाठी आजच्या लॅटव्हियात रुंडालेचा राजवाडा वगैरे. पण 1740 मध्ये आना गेली, बिरॉनची हद्दपारी झाली, पुढच्या वर्षी पीटरची मुलगी एलिझाबेथ हिने सत्ता बळकावली आणि हा पडला बिरॉनचा माणूस! तरी तिला हवा तसला थाट दुसऱ्या कुणाला जमेना, म्हणून परत यालाच बोलावलं.

मग काय, वीसेक वर्षं नुसता धडाका. पीटरहॉफचा राजवाडा, पीटर्सबर्गमधला स्मोल्नी मठ, कीव्हचं सेंट अँड्र्यू चर्च. पीटर्सबर्गजवळच्या त्सारस्कोये सेलोचा राजवाडा तर सव्वातीनशे मीटर लांब, आत मोठ्या हॉलला दोन्ही बाजूंनी खिडक्या आणि मधल्या जागेत सोनेरी चौकटीतले आरसे. मला हे जरा अतीच वाटतं, पण बाईंना तेच पाहिजे होतं. विंटर पॅलेसचं काम 1754 मध्ये सुरू झालं, पैसा सरकारी दारूच्या गुत्त्यांतून, आणि बजेट अर्थातच कैच्या कै वाढलं.

1762 च्या सुरुवातीला एलिझाबेथ वारली, तिला तिथे राहायलाच मिळालं नाही. त्याच वर्षी कॅथरीन गादीवर आली, तिला साधी, सरळ रेषांची क्लासिकल शैली आवडायची, बरोक, म्हणजे रास्त्रेलीची नक्षीदार, भपकेबाज शैली, तिच्या लेखी जुनाट. रास्त्रेलीला वर्षाला हजार रूबल पेन्शन देऊन घरी बसवलं, त्याने केलेल्या आतल्या खोल्या बदलायला घेतल्या. स्मोल्नीचा 140 मीटरचा घंटामनोरा नकाशावरच राहिला. बिरॉन तोवर सुटून परत आला होता, त्याच्याकडे थोडं काम मिळालं, बस. रास्त्रेली 1771 मध्ये गेला, कबर कुठे ते माहीत नाही.

1837 मध्ये विंटर पॅलेस आतून जळाला तेव्हा मुख्य जिना मात्र आर्किटेक्ट स्तासोव्हने बराचसा रास्त्रेलीच्याच धाटणीत परत उभा केला.