देवनागरी कळफलक : लिपीच्या तर्काने की बोटांच्या सवयीने?

संगणकप्रणालीची रचना यंत्राच्या आणि मानकांच्या गरजेनुसार करावी की ती वापरणाऱ्या माणसाला केंद्रस्थानी ठेवून, हा प्रश्न देवनागरी कळफलकाच्या बाबतीत गेली चार दशके जिवंत आहे.

टंकलेखन यंत्रावर अक्षर जसे दिसते तसेच उमटवले जाई. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, कारण कागदाला उच्चाराच्या क्रमाशी काही कर्तव्य नव्हते. संगणकाला मात्र शब्द शोधायचे होते, अकारविल्हे लावायचे होते, आणि त्यासाठी मजकूर उच्चारक्रमानेच साठवणे आवश्यक होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत वाढलेल्या ‘जिस्ट’ या भारतीय लिपी संगणकावर आणणाऱ्या तंत्रज्ञानाचा हाच पाया होता.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली मांडलेला ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक याच विचारातून आला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’, आणि बंगाली असो वा मल्याळम, ‘क’ची जागा तीच. लिपीची व्यवस्था इतक्या नेटकेपणाने कळांवर बसवणारी दुसरी मांडणी मला माहीत नाही. ‘दऱ्या’ लिहायचे तर द, शिफ्टसह ‘र’ची कळ, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), य आणि काना; ‘दर्या’ लिहायचा तर शिफ्ट वगळायची. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र यांत गल्लत होण्याचे कारणच उरत नाही.

योगायोगाने त्याच वर्षी डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी संपादित केलेल्या ग्रंथामुळे ‘वापरकर्ता-केंद्रित रचना’ ही संज्ञा संगणकक्षेत्रात रुजू लागली. त्या दृष्टीने पाहिले तर इनस्क्रिप्टची उणीव स्पष्ट दिसते : तो शिकवला जाईल हे गृहीत धरले गेले, पण समोरच्या कळांवर इंग्रजी अक्षरेच राहिली, आणि टंकलेखन यंत्रांवरच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेल्या टंकलेखकाला सारे नव्याने शिकावे लागणार होते. त्यामुळे अनेक कार्यालयांनी जुन्या फाँटांसह जुनीच मांडणी चालू ठेवली. सवय जपली गेली, पण तो फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडू लागला, आणि ही किंमत मराठीने फार वर्षे मोजली.

पुढे रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोय आली आणि इंग्रजी कळफलक येणाऱ्यांचा प्रश्न तात्काळ सुटला. मात्र ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ रोमनमध्ये सामान्यतः सारखेच लिहिले जात असल्याने योग्य शब्द निवडण्याचा भार पुन्हा लिहिणाऱ्यावर पडला. शिवाय ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी लिहिण्यासाठी आधी रोमन लिपी शिकायला लावणे हे मला मुळातच अन्यायाचे वाटते.

आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ या मोबाइल कळफलकाने २०१३ मध्ये वेगळी वाट घेतली. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. ‘क’वर बोट टेकवले की त्याभोवती का, कि, की, कु असे बाराखडीचे चक्र उमटते, आणि बोट हव्या त्या दिशेला सरकवून उचलले की अक्षर पूर्ण होते. इनस्क्रिप्टने कळांच्या जागांमध्ये दडवलेली लिपीची व्यवस्था इथे डोळ्यांसमोर येते, आणि शाळेत पाटीवर बाराखडी गिरवलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटते.