'माय कॉम्प्युटर' कथा गया?

अमळनेरच्या कॉम्प्युटर क्लासात माझ्या वहीतली पहिली ओळ बरीच वर्षं तीच होती: 'माय कॉम्प्युटरवर डबल क्लिक करा.' मग एका वर्षी नवी मशिनं आली आणि बोरी नदीकाठच्या खेड्यातला एक पोरगा स्क्रीनकडे बघून म्हणाला, "सर, माय कॉम्प्युटर कथा गया?" म्हणजे अहिराणीत, कुठे गेला? समोर 'धिस पीसी' लिहिलेलं. चूक माझ्या वहीची.

'माय कॉम्प्युटर' हे नाव विंडोज ९५ सोबत आलं. विंडोज व्हिस्टात 'माय' गळालं, नुसतं 'कॉम्प्युटर' उरलं. २०१३ मध्ये विंडोज ८.१ ने त्याचं 'धिस पीसी' केलं. वस्तू तीच, बारसं तीनदा.

फोल्डरची गोष्ट त्याहून जुनी. १९८१ मध्ये झेरॉक्सच्या 'स्टार' कॉम्प्युटरने ऑफिसातलं टेबलच स्क्रीनवर मांडलं आणि कागद, फोल्डर हे शब्द तिथे आले. कमांड टाइप करून चालणाऱ्या जुन्या डॉसला मात्र 'डिरेक्टरी' प्यारी. एमडी ही कमांड म्हणजे मेक डिरेक्टरी. विंडोजने ९५ मध्ये फोल्डर पत्करला, पण काळ्या कमांडच्या खिडकीत डिरेक्टरी अजून ठाण मांडून आहे. कचऱ्याचंही तसंच: ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर (१९८३) 'वेस्टबास्केट', पुढच्याच वर्षी मॅकिंटॉशवर 'ट्रॅश', विंडोजवर 'रिसायकल बिन'.

या गोंधळाला लगाम घालायचा मोठा प्रयत्न १९८७ चा. त्या वर्षी ॲपलने इंटरफेसच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या मेनू-बटणांच्या, नियमांचं पुस्तक काढलं आणि आयबीएमने 'कॉमन युजर ॲक्सेस' नावाचे नियम. फाईल, एडिट, व्ह्यू, हेल्प ही रांग प्रोग्राम बदलला तरी जागची हलत नाही, ती अशा नियमांमुळे. वर्ड शिकवलं की एक्सेल अर्धं फुकटात येतं, हा आम्हा शिकवणाऱ्यांचा नफा. ऑफिस २००७ ने फाईल काढून तिथे गोल बटण बसवलं, तेव्हा तो नफा बुडाला. २०१० मध्ये फाईल परत आली!

मराठीत आणखी एक पदर. कुठे फोल्डर, कुठे धारिका, कुठे संचिका. आणि धारिका म्हणजे फाईल की फोल्डर, यावर एकमत नाही. रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीतून सुरू झालेल्या 'फ्युएल' प्रकल्पाने नेहमी लागणाऱ्या शब्दांची यादी भाषावार पक्की करायचं काम हाती घेतलं, ते याचसाठी. मला स्वतःला शुद्ध शब्दापेक्षा टिकणारा शब्द हवा. जुनं नाव लोक सहज सोडत नाहीत. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व-पश्चिम तुकडे झाले, पुढे जळगाव-धुळे झालं, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळं निघालं. पुण्यात विचारलं तर आमचा पोरगा अजून 'खान्देशचा'च असतो.

वहीतली पहिली ओळ मी बदलली आहे: 'विंडोजचं बटण धरून ई दाबा.' विंडोज ९५ वर चालायचं, आजही चालतं. उघडणाऱ्या खिडकीचं नाव तेवढं 'विंडोज एक्सप्लोरर'चं 'फाईल एक्सप्लोरर' झालंय.