ऑफिस भाड्याने घेताना: ‘रेट’च्या पलीकडे काय पाहाल?

पुण्यात ऑफिस शोधणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सध्या रेट काय चाललाय?’ त्यावर आम्ही विचारतो, रेट कशावरचा? बाणेर-खराडीकडच्या मोठ्या इमारतींत भाडे बहुधा सुपर बिल्ट-अपवर सांगतात. म्हणजे तुमच्या दाराआतल्या जागेत लॉबी, जिने, लिफ्ट यांचा वाटाही धरलेला असतो. या वाढीव भागाला बाजारात ‘लोडिंग’ म्हणतात.

समजा, सुपरवर 1,000 चौरस फूट जागा चौरस फुटाला 60 रुपयांनी सांगितली, म्हणजे महिना 60,000. टेप लावून मोजल्यावर कार्पेट, म्हणजे दाराआत प्रत्यक्ष वापरायची जागा, भरली 650. आता तेच भाडे कार्पेटवर 92 रुपयांच्या वर पडते. शेजारच्या जुन्या इमारतीत कोणी ‘कार्पेटवर 80’ म्हणत असेल, तर ती जागा स्वस्त आहे, ऐकायला महाग वाटली तरी. आणखी एक गंमत: याच जागेचे लोडिंग सुपरवर काढले तर 35 टक्के आणि कार्पेटवर काढले तर 54 टक्के येते. कोणता आकडा सांगायचा, हे सांगणारा आपल्या सोयीने ठरवतो. म्हणून टेप सोबत न्याच.

भाड्यावर मेंटेनन्स वेगळा, आणि तोही बहुतेक ठिकाणी सुपरवरच लागतो. सेंट्रल एसी असेल तर तो संध्याकाळी किती वाजता बंद होतो, ते विचारा. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांना त्यानंतरचा एसी तासावर पडतो आणि बजेट तिथेच कोलमडते.

व्यावसायिक भाड्यावर 18 टक्के जीएसटी आहे. तुमचा धंदा जीएसटीत असेल तर साधारणपणे त्याचे क्रेडिट मिळते, म्हणजे तो तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. डॉक्टरांचे तसे नाही. वैद्यकीय सेवेवर जीएसटी नसल्यामुळे क्लिनिकसाठी हा कर सरळ खर्चात जातो. मालक जीएसटीत नाही आणि तुम्ही आहात, तर ऑक्टोबर 2024 पासून हा कर तुम्हीच भरायचा आहे (छोट्या धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्यांना यातून वगळले आहे). टीडीएसचे तुमच्या सीएंना विचारा.

आता करार. ‘11 महिन्यांचा कागद नोटरी केला की झाले’ हा समज अजून जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. खर्च म्हणाल तर फार नाही. वरच्याच जागेचे 3 वर्षांचे भाडे 21,60,000. त्यात 3,60,000 डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांप्रमाणे धरलेले 1,08,000 मिळवा. एकूण 22,68,000 वर 0.25 टक्के, म्हणजे 5,670 रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. एवढ्यासाठी कच्चा कागद करू नका.

करारातले लॉक-इनचे, म्हणजे ठरलेल्या काळात करार मोडायचा नाही, हे कलम मात्र सावकाश वाचा. लॉक-इनच्या काळात जागा सोडली तरी उरलेल्या महिन्यांचे भाडे मागता येईल, असे त्यात सहसा लिहिलेले असते. ते दोन्ही बाजूंना लागू आहे का, पाहा. जागा बेअर शेल, म्हणजे नुसत्या भिंती-छताची, असेल तर फ्लोअरिंग, सीलिंग, वायरिंग सगळे तुमच्या खिशातून. तेव्हा फर्निचरच्या कामापुरते एक-दोन महिने भाडेमाफी मागायला संकोच करू नका, मालक सहसा तयार होतात. सोडताना ‘जागा मूळ स्थितीत द्यावी’ असे कलम असेल तर तुम्हीच घातलेली पार्टिशने तुम्हालाच पैसे देऊन काढावी लागतील. किल्ल्या आणि डिपॉझिट एकाच दिवशी, हे आम्ही प्रत्येक करारात लिहून घेतो.

टोकन देण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची पावती आणि वीजबिल मागा. भोगवट्यात वापर व्यावसायिक असायला हवा. कोथरूडमधला फ्लॅट ऑफिस म्हणून दाखवला जात असेल तर सोसायटीची लेखी परवानगीही पाहा. वीजबिलावरचा मंजूर भार तर बहुतेक जण पाहतच नाहीत. दीड टनाचे चार एसीच 6 किलोवॅटच्या आसपास खातात, संगणक वेगळे. बिलावर 5 किलोवॅट असेल तर भार वाढवण्याचा अर्ज कोण करणार आणि खर्च कोणाचा, ते टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या.