स्कॉट्सबरो खटला

स्कॉट्सबरो खटला हा अमेरिकेतील ॲलाबामा राज्यात नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर बलात्काराच्या खोट्या आरोपाखाली चाललेला खटला असून, वर्णद्वेषापायी निरपराधांना शिक्षा कशी होते हे समजून घेताना तो आजही अभ्यासला जातो. महामंदीच्या काळात, २५ मार्च १९३१ रोजी, मालगाडीतून चोरून प्रवास करणाऱ्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांमध्ये मारामारी झाली. गाडीतून उतरवल्या गेलेल्या गोऱ्या मुलांनी तक्रार केल्यावर पेंट रॉक येथे सशस्त्र जमावाने गाडी अडवली, तेव्हा गाडीतल्या दोन गोऱ्या स्त्रियांनी आपल्यावर बलात्कार झाल्याचे सांगितले. पकडलेल्यांत बारा-तेरा वर्षांची मुले होती. एकाला जवळजवळ दिसत नव्हते, तर एकाला गुप्तरोगामुळे धड चालताही येत नव्हते.

अटकेनंतर बाराव्या दिवशी स्कॉट्सबरो गावी सुनावणी सुरू झाली आणि चार दिवसांत आटोपली. बचावाचा वकील कोण, हे त्या सकाळपर्यंत ठरलेले नव्हते. केवळ गोऱ्यांच्या ज्यूरींनी (दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांनी) आठ जणांना दोषी ठरवले आणि त्यांना देहदंड झाला. नवव्या, कोवळ्या वयाच्या रॉय राइटसाठी सरकारी पक्षाने जन्मठेपच मागितली होती. तरीही अकरा ज्यूरी-सदस्य देहदंडावर अडून बसले आणि एकमत न झाल्याने निकालच लागला नाही. देहदंडाच्या खटल्यात आरोपीला वकिलाची खरीखुरी मदत मिळालीच पाहिजे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९३२ मध्ये यांपैकी सात जणांच्या शिक्षा रद्द केल्या.

१९३३ मध्ये डिकेटर येथे झालेल्या फेरसुनावणीत फिर्यादी स्त्रियांपैकी रूबी बेट्स हिने बलात्कार झालाच नव्हता अशी साक्ष दिली आणि वैद्यकीय पुरावाही आरोपाला पुष्टी देत नव्हता. एवढे होऊनही ज्यूरीने आरोपींपैकी हेवुड पॅटर्सनला पुन्हा दोषी ठरवून देहदंड सुनावला. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी पुराव्याची बारकाईने छाननी करून तो निकाल फिरवला. न्यायाधीशपदाच्या पुढच्या निवडणुकीत ते पराभूत झाले. निर्दोषपणाचा पुरावा या खटल्यात कधीच कमी पडला नाही. ज्यूरीत कोण बसते, हाच त्यातला निर्णायक प्रश्न होता.

बचावाचे वकील सॅम्युएल लीबोविट्झ यांनी नेमके तेच धरले. ज्यूरीपात्र नागरिकांच्या नोंदवहीत कृष्णवर्णीयांची काही नावे होती खरी, पण ती मागाहून घुसडलेली होती आणि जुन्या नोंदी संपल्याची खूण म्हणून मारलेल्या तांबड्या रेघांवर त्यांची अक्षरे चढली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती वही भिंगातून स्वतः पाहिली आणि कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून पद्धतशीरपणे वगळणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय १ एप्रिल १९३५ रोजी दिला.

तथापि, या निर्णयांनी कायदा सुधारला तरी आरोपींची सुटका झाली नाही. १९३७ मध्ये चौघांवरील आरोप मागे घेतले गेले. त्याच घटनेत, त्याच साक्षीवर इतर चौघांना मात्र तुरुंगात ठेवले गेले, या तडजोडीचे कोणतेही न्याय्य कारण देता येत नाही. बलात्कारासाठी दोषी ठरलेल्या या चौघांपैकी क्लॅरेन्स नॉरिसला १९७६ मध्ये माफी मिळाली. उरलेल्या तिघांना ती २०१३ मध्ये, मरणोत्तर आणि त्यासाठी नवा कायदा करून दिली गेली.

नोंदवहीत नावे आल्यानंतरही कारण न देता ज्यूरी-सदस्य नाकारण्याच्या वकिलांच्या अधिकाराचा वापर कृष्णवर्णीयांना गाळण्यासाठी होत राहिला. वर्णाच्या आधारे असे करण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मनाई केली खरी, पण वकिलाने दुसरे कुठलेही पटण्याजोगे कारण पुढे केले की ही मनाई बहुधा निष्प्रभ ठरते. मिसिसिपीतील कर्टिस फ्लॉवर्स यांच्यावर चौघांच्या खुनाच्या आरोपावरून एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला आणि त्या सहा खटल्यांत मिळून, नाकारता येण्याजोग्या ४२ कृष्णवर्णीय ज्यूरी-उमेदवारांपैकी ४१ जणांना नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दोषसिद्धी रद्द केली आणि २०२० मध्ये आरोप मागे घेण्यात आले. तोवर फ्लॉवर्स यांची जवळपास तेवीस वर्षे कोठडीत गेली होती.