ज्युलियस शुलमन (आर्किटेक्चर फोटोग्राफर)

ज्युलियस शुलमन (१९१०–२००९) हे अमेरिकन फोटोग्राफर. जन्म ब्रुकलिनचा, पण सगळं काम लॉस एंजेलिसमध्ये राहून केलं. कॅलिफोर्नियातली काचेची, स्टीलची, सपाट छपराची मॉडर्न घरं जगाला माहीत झाली ती मुख्यतः यांच्या फोटोंमुळे, कारण ती घरं प्रत्यक्ष पाहिलेली माणसं तशी थोडीच.

शाळेतला एक कोर्स सोडला तर फोटोग्राफीचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. १९३६ मध्ये एका ओळखीच्या माणसाबरोबर ते आर्किटेक्ट रिचर्ड नॉयट्रा यांचं एक नवं घर बघायला गेले, खिशात मावेल असा छोटा कोडॅक कॅमेरा होता त्याच्यावर सहज फोटो काढले, ते नॉयट्रांना इतके आवडले की त्यांनी विकतच घेतले आणि पुढे कामं द्यायला लागले. दोघांचे खटकेही उडायचे. नॉयट्रांना फोटोत घर मोकळं हवं असायचं आणि शुलमन खुर्च्या, टेबलं परत आणून ठेवायचे, कारण घरात कोणीतरी राहतंय हे दिसायला हवं असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पूर्ण पटतं.

सगळ्यात गाजलेला फोटो १९६० चा, आर्किटेक्ट पिअर कोनिग यांच्या 'केस स्टडी हाउस नंबर २२' चा, म्हणजे एका मासिकाने आखलेल्या नमुना-घरांच्या योजनेतल्या, लॉस एंजेलिसमधल्या एका घराचा. डोंगराच्या कडेवर काचेची खोली, आत दोन तरुणी गप्पा मारत बसल्यात आणि खाली दूरपर्यंत शहराचे दिवे. वाटतं एका क्लिकमध्ये मिळाला असेल, पण तसं नाही. आधी घरातले दिवे बंद करून सात मिनिटं शटर उघडं ठेवलं म्हणजे शहराचे दिवे निगेटिव्हवर नीट उतरतील, तोवर त्या दोघी अंधारातच बसून होत्या, मग घरातल्या दिव्यांत लावलेले फ्लॅशबल्ब उडवले आणि आतलं सगळं त्याच निगेटिव्हवर आलं. म्हणजे उजेड दोन वेळचा पण फोटो एकच!

१९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच पाम स्प्रिंग्सच्या, नॉयट्रांनी डिझाइन केलेल्या कॉफमन हाउसचा संध्याकाळचा फोटोही असाच, मावळतीचा उजेड, मागचे डोंगर आणि घरातले दिवे यांचा मेळ बसवायला पाऊण तास आतबाहेर करत दिवे चालू-बंद करत बसले होते.

बाकी कॅमेरा मोठ्या शीट फिल्मचा (रोल नाही, एकेका फोटोला एकेक सुटी फिल्म) आणि ट्रायपॉडवरचा, त्यात लेन्स वर-खाली सरकवता येते त्यामुळे कॅमेरा वर न झुकवता उंच भिंत पूर्ण मावते आणि तिच्या उभ्या रेषा तिरक्या होत नाहीत. कृष्णधवल फोटोत आकाश गडद हवं असेल तर इन्फ्रारेड फिल्म (डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा उजेडही टिपणारी) वापरायचे, आणि समोर झाडं नसली तर कापलेली फांदी फ्रेमच्या कडेला धरायला लावायचे.

१९९० च्या दशकात कॉफमन हाउस नव्या मालकांनी मूळ रूपात आणायला घेतलं तेव्हा आधी काय कसं होतं हे बघायला शुलमन यांचे जुने फोटो कामाला आले. त्यांच्या निगेटिव्ह, प्रिंट वगैरे अडीच लाखांहून जास्त वस्तू २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेने घेतल्या, तरी नव्वदी ओलांडल्यावरही ते फोटो काढतच होते.